आबांची व्हीलचेअर, पाच माणसं आणि पेट्रोल की हायब्रीड?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, रोज रात्री जेवणं झाली की घरात हाच विषय निघतो. तुमच्यापैकी ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

आमची हॅचबॅक तेरा वर्षांची झाली. गेल्या वर्षी वडिलांना, आबांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू अजून पूर्ण आलेली नाही. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीसाठी इथंच कोल्हापुरात शाहूपुरीत न्यावं लागतं. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण दसरा चौक आणि व्हीनस कॉर्नर ओलांडायचा म्हणजे संध्याकाळी पाऊण तास कुठंच जात नाही. जुन्या गाडीची सीट इतकी खाली आहे की त्यांना उठवून बाहेर काढताना मी आणि बायको दोघंही घामाघूम होतो. म्हणून थोडी उंच, मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायचं ठरलंय. माणसं पाच: आई, आबा, आम्ही दोघं आणि मुलगी. शिवाय घडीची व्हीलचेअर कायम सोबत.

वापर असा: बायको रोज गाडीनं कळंब्याला शाळेत जाते, मी गोकुळ शिरगावला मोटारसायकलनं. महिन्यातून एकदा नरसोबाची वाडी, दोन महिन्यांतून एकदा पुणे, आणि अधूनमधून राधानगरीकडे गावी. वर्षाला नऊ हजार किलोमीटर होतात, त्यातले साडेपाच हजार शहरातच.

पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रीड यांत ऑन-रोड फरक दोन लाख वीस हजारांचा सांगितलाय. एका शोरूममध्ये तर दोन्ही गाड्यांना हायब्रीडच म्हणत होते, त्यामुळं आणखी गोंधळ झाला. मॅन्युअल नको आहे, बायकोचा डावा गुडघा दुखतो.

शिरोली_नाका

पहिल्यांदा तो गोंधळ मिटवू, कारण इथंच बरेच जण फसतात.

हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड, आणि ती दोन प्रकारची असते. माइल्ड हायब्रीडमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा मोटर-जनरेटर बसवलेला असतो. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन तो पटकन चालू करतो आणि वेग घेताना थोडा हातभार लावतो. पण ती गाडी एकट्या विजेवर एक फूटसुद्धा चालत नाही. तुम्ही तिला पेट्रोल गाडीच समजा. स्ट्राँग हायब्रीडमध्ये मोटर एकटी चाकं फिरवू शकते. कमी वेगात इंजिन बंद ठेवून गाडी पुढं जाते.

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही २०२२ साली आल्या आणि दोन्हींत हे दोन्ही पर्याय आहेत. माइल्डला १.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद १०३ पीएस (अश्वशक्ती). स्ट्राँगला १.५ लिटरचंच, पण तीन सिलिंडरचं. इंजिन आणि मोटर मिळून साधारण ११५ पीएस. कागदावरचं मायलेज माइल्डच्या ऑटोमॅटिकला २०.५८ आणि स्ट्राँगला २७.९७. रस्त्यावर हे आकडे विसरा, पण दोहोंतली तफावत लक्षात ठेवा.

आणखी एक. पूर्वी हायब्रीडवर कर लई असं ऐकलं असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब अशा पेट्रोल गाडीलाही ४० टक्के आणि हायब्रीडलाही ४० टक्के जीएसटी आहे. किमतीतला फरक करामुळं नाही, मोटर, बॅटरी आणि त्यांना चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समुळं आहे.

उद्यमनगरी

भावा, सरळ सांगतो. पेट्रोल घे.

आमचं तीन पिढ्यांचं इंजिनाचं काम. क्रँक, बोअर, हेड, सगळं हातात धरलेलं. हायब्रीडचं यंत्र मला मनापासून आवडतं. त्यात क्लच नाही, नेहमीचा गिअरबॉक्स नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. मधोमध सूर्य-ग्रह पद्धतीचा एक गिअरसेट, त्याच्या एका टोकाला इंजिन, एकाला जनरेटर, एकाला मोटर आणि चाकं. झिजणारे भाग कमी. इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीवर चालतं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. त्यामुळं हवा कमी दाबली जाते, पण स्फोटानंतर पिस्टनला पूर्ण अंतर ढकलायला मिळतं. तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. अशा इंजिनाला खालच्या फेऱ्यांत, म्हणजे आरपीएम कमी असताना, ताकद कमी असते, ती उणीव मोटर भरून काढते. बनवणाऱ्यानं फार डोकं लावलंय, यात वाद नाही.

पण ती १७७ व्होल्टची बॅटरी आणि नारिंगी केबल आमच्याकडं कुणी उघडणार नाही, आणि उघडूही नये. पेट्रोल गाडी रात्री नऊ वाजता बंद पडली तर उद्यमनगरात चार माणसं अशी आहेत जी ती रात्रीच चालू करून देतील. घरात आजारी माणूस असताना याची किंमत मोठी आहे. तू वर्षाला नऊ हजारच फिरतोस. दोन लाख वीस हजारांत किती पेट्रोल येतं याचा हिशेब कर.

कळंबा_तलाव

दादा, माझ्याकडे अडीच वर्षं स्ट्राँग हायब्रीड आहे. ३१ हजार किलोमीटर झाले. मी स्वतः चालवते, त्यामुळं जे अनुभवलं तेच सांगते.

शहरात मला २१ ते २२ मिळतं. महामार्गावर १०० च्या पुढं गेलं की १८-१९, आणि ८० वर धरलं तर २१-२२. महामार्गावर हिची कमाल दिसत नाही. तिथं ब्रेक लागत नाहीत, त्यामुळं परत मिळवण्यासारखं काही नसतं आणि इंजिन बहुतेक वेळ चालूच राहतं. हिचं खरं घर म्हणजे दाभोळकर कॉर्नरची गर्दी.

पण तुमच्या वापरात एक अडचण आहे. तीन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन गार असलं की हायब्रीडसुद्धा ते आधी चालू करते, कारण इंजिन आणि धुराच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापायला हवा. माझी सासू राजारामपुरीत राहते. तिच्याकडे नुसतं जाऊन आलं की मीटर १६-१७ दाखवतो. २२ सांगून कोणी भुलवत असेल तर हे लक्षात घ्या.

आणि आता जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते. सासऱ्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेते तेव्हा नंबर यायला तास लागतो. ते वर बसायला तयार नसतात, गाडीतच थांबतात. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळं इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते. बॅटरी उतरली की इंजिन दोनेक मिनिटं चालू होतं आणि पुन्हा बंद. गाडी थरथरत नाही, आवाज नाही, धूर नाही. एप्रिलच्या उन्हात ते शांत झोपलेले असतात. आबांसाठी याचा विचार करा.

उलट बाजूही सांगते. डिकी लहान आहे. माइल्डला ३७३ लिटर, स्ट्राँगला २६५. बॅटरी डिकीच्या तळाशी बसते, त्यामुळं तळ वर आलेला आहे. व्हीलचेअर घेऊन जा आणि प्रत्यक्ष ठेवून बघा. मापं विचारून भागणार नाही.

पंचगंगा_काठ

पाण्याचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो. आमचं घर जामदार क्लबच्या बाजूला. २०१९ ला पाणी दारात होतं आणि २०२१ ला गाडीच्या सीटपर्यंत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आमच्या घरातली लहान पोरंही सांगतात.

पाणी आत शिरलं की कुठलीही गाडी संपते, पेट्रोलची असली तरी. पण पेट्रोलची गाडी मी खोलून, वाळवून, वायरिंग बदलून परत रस्त्यावर आणली. हायब्रीडची मोठी बॅटरी बुडाली तर तिला हातही लावायचा नाही. प्रशिक्षित माणूस येईपर्यंत गाडी तशीच सोडायची. म्हणून विमा काढताना इंजिन संरक्षणाचं अ‍ॅड-ऑन घ्याच, आणि ते हायब्रीडच्या बॅटरीला लागू आहे का, हे लेखी विचारा. तोंडी 'हो' वर विसंबू नका.

मंगळवार पेठेत तुम्हाला तेवढी भीती नाही. पण नदीपलीकडं जाणं-येणं असेल तर पुराच्या आठवड्यात गाडी कुठं लावायची ते आधीच ठरवा.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे आभार. कळंबा ताई, तुमचं लिहिणं बायकोला वाचून दाखवलं. एसीचा मुद्दा आमच्या डोक्यात आलाच नव्हता.

उद्यमनगरीदादांनी सांगितलं म्हणून काल हिशेब मांडला. पेट्रोल १०५ रुपये धरलं. पेट्रोल ऑटोमॅटिकला शहरात साडेदहा आणि बाहेर १६, हायब्रीडला शहरात २१ आणि बाहेर २०.

पेट्रोल गाडी: शहरात ५२४ लिटर, बाहेर २१९. एकूण ७४३.
हायब्रीड: शहरात २६२, बाहेर १७५. एकूण ४३७.

वर्षाला ३०६ लिटर वाचतात, म्हणजे ३२ हजार रुपये. दोन लाख वीस हजार भरून निघायला जवळजवळ सात वर्षं. आणि तेवढी रक्कम कर्जानं घेतली, पाच वर्षं ९ टक्क्यांनी, तर व्याज ५४ हजार. मग साडेआठ वर्षं. नुसता पैसा बघितला तर उद्यमनगरीदादांचं बरोबर आहे.

उद्यमनगरी

हिशेब चोख हाय. पण प्रामाणिकपणानं एक माझ्या विरुद्धची गोष्ट सांगतो. छोट्या फेऱ्यांत हायब्रीडचं मायलेज पडतं असं ताई म्हणाल्या, ते खरं. मात्र पेट्रोलचंही पडतं. गार इंजिन, वर गर्दी, ऑटोमॅटिक गिअर, एसी. तिथं साडेदहा विसर, नऊ धर. समज हायब्रीडचं १७ झालं आणि पेट्रोलचं नऊ, तर शहरात पेट्रोल गाडी ६११ लिटर पिते आणि हायब्रीड ३२४. फरक कमी झाला नाही, उलट थोडा वाढला.

इथेनॉलचंही तसंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं बरंच आपल्याच कारखान्यांच्या उसातून आलेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं मायलेज पाच-सहा टक्के खाली येणारच. दोन्ही गाड्यांना सारखंच लागू. त्यावरून इकडं की तिकडं ठरवू नको.

माझं मत मात्र बदललं नाही. वर्षाला १५ हजार फिरणाऱ्याला मी स्वतः हायब्रीड घे म्हणेन.

राधानगरीकर

घाटाचं कुणीतरी लिहायला पाहिजे. मी महिन्यातून दोनदा फोंडा घाट उतरून कोकणात जातो, कधी गगनबावड्याकडून करूळ.

चढताना हायब्रीडचं इंजिन वरच्या फेऱ्यांत जातं आणि ओरडतं. गाडीचा वेग आणि इंजिनाचा आवाज यांचा मेळ नसतो. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, ताकद लागते तेवढ्या फेऱ्यांवर यंत्र इंजिनाला बसवतं.

उतरताना काय होतं ते जास्त महत्त्वाचं. लोक म्हणतात घाटात बॅटरी फुकट भरते. भरते, पण किती? माणसांसकट गाडी दीड टन धरा आणि पाचशे मीटर उतार. त्यात दोन युनिटच्या आसपास ऊर्जा असते. बॅटरी आहे ०.७६ युनिटची, तीही कधी पूर्ण रिकामी नसते. म्हणजे निम्म्या घाटातच ती तुडुंब होते. त्यानंतर मोटर ब्रेक लावू शकत नाही, ऊर्जा ठेवणार कुठं? तेव्हा गिअर लिव्हर 'बी' वर टाकायचा. पेट्रोल न जाळता इंजिन फिरतं आणि गाडी धरून ठेवतं. आवाज मोठा येतो, घाबरायचं नाही. पावसाळ्यात धुक्यात उतरताना नुसत्या पायाच्या ब्रेकवर राहिलात तर ब्रेक तापतील. हे गाडी देताना कुणी समजावत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एरवी सपाटीला ब्रेकचं बरंच काम मोटर करते, त्यामुळं ब्रेक पॅड लवकर झिजत नाहीत.

ताराराणी_चौक

इलेक्ट्रिक का नाही घेत? जीएसटी पाचच टक्के. किंवा सीएनजी?

मंगळवारपेठकर

इलेक्ट्रिकचा विचार केला होता. आमचं घर बोळात आहे, गाडी दोनशे पावलांवर दुसऱ्याच्या जागेत लावतो. तिथं चार्जर बसवू देणार नाहीत. सीएनजीचं सिलिंडर डिकीत आलं की व्हीलचेअर बाहेर. मारुतीच्या व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीच्या पोटाखाली दिली आहे, ते चांगलं आहे, पण सीएनजीला ऑटोमॅटिक गिअर नाही. बायकोच्या गुडघ्यामुळं तिथं थांबलो.

पुण्यातला_कोल्हापूरकर

दोन छोट्या गोष्टी सांगायच्या आहेत.

आईवडिलांसाठी घेतलेली हायब्रीड गावी उभी असते. मी महिन्याभरानं आलो तर चालूच होईना. मोठी बॅटरी ठीक होती, पण संगणक जागा करणारी छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरली होती. आता वडील आठवड्यातून एकदा गाडी चालू करून 'रेडी'वर अर्धा तास ठेवतात किंवा जोतिबाला जाऊन येतात. तुमची रोज फिरणार, तुम्हाला त्रास नाही.

दुसरं म्हणजे बॅटरीचं आयुष्य. कंपनीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. फोनच्या बॅटरीशी तुलना करू नका. फोन आपण शंभरावरून शून्यावर आणतो, इथं यंत्र बॅटरीला मधल्या पट्ट्यातच ठेवतं, म्हणून ती टिकते. तिला गार ठेवणाऱ्या हवेची जाळी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटच्या आसपास असते. त्यावर शाल, उशी, पिशवी पडू देऊ नका. आबांच्या सोबतीला असं सामान असणारच, म्हणून सांगितलं.

कळंबा_तलाव

दादा, हिशेब झाला, घाट झाला, पूरही झाला. आबांना गाडीत बसवून बघितलं का? टेस्ट ड्राइव्ह तुम्ही आणि वहिनींनी घेतली असेल, पण ज्यांच्यासाठी गाडी चाललीय त्यांना घेऊन जा. शोरूमच्या मोकळ्या रस्त्यावर नको, संध्याकाळी सहाला दसरा चौकातून. दोन्ही गाड्या एकाच दिवशी.

मंगळवारपेठकर

ताई, तुमचं ऐकलं. शनिवारी दोन्ही गाड्या लागोपाठ मागून घेतल्या. आईसुद्धा आली.

सीटची उंची दोन्हींत सारखी, आबांना उतरवायला मी एकटा पुरलो. हीच गोष्ट जुन्या गाडीत दोघांना जमत नव्हती. एवढ्यासाठी तरी यातली कुठलीतरी घ्यायचीच हे नक्की झालं.

पेट्रोल ऑटोमॅटिक चांगली आहे, तक्रार नाही. पण गर्दीत थांबत-चालत जाताना गिअर बदलतो तेव्हा एक बारीक हिसका बसतो. मला तो जाणवलाही नव्हता. आबांची मान त्या बाजूला धरत नाही, प्रत्येक हिसक्याला आई मागून हात लावत होती. हायब्रीडमध्ये व्हीनस कॉर्नर ते स्टेशन रोड आईचा हात मांडीवरच राहिला. मी आरशात बघत होतो.

आबांनी आयुष्यभर दुसऱ्याचे ट्रक चालवले. झटक्यानंतर बोलणं जड झालंय, फार बोलत नाहीत. सिग्नलला गाडी गप्प झाली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं डॅशबोर्डवर थाप मारली आणि विचारलं, "बंद पडली?" मी म्हणालो, "नाही आबा, इंजिन थांबलंय, गाडी चालू आहे." सिग्नल सुटला, आवाज न करता गाडी निघाली. त्यांनी परत विचारलं, "क्लच?" क्लचच नाही म्हटल्यावर ते घरापर्यंत पुढच्या काचेतून रस्ता बघत बसले. झटक्यानंतर गाडीत बसले की ते डोळे मिटून घेतात. त्या दिवशी मिटले नाहीत.

व्हीलचेअर ठेवून बघितली. पेट्रोलमध्ये खुर्ची आणि शेजारी दोन बॅगा. हायब्रीडमध्ये खुर्ची आडवी बसते, दार नीट लागतं, पण वर एक मऊ पिशवी सोडली तर काही नाही. पुण्याला जाताना सामान छतावर कॅरिअर लावून न्यावं लागेल. वर्षातून सहा वेळा.

रविवारी हायब्रीड बुक केली. गाडी दहा वर्षं ठेवायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय, आणि फरकाची रक्कम कर्जात न घालता मुदत ठेव मोडून भरतोय, म्हणजे ते ५४ हजारांचं व्याज तरी नको. उद्यमनगरीदादा, तुमचा रात्री नऊचा मुद्दा मी विसरलेलो नाही. जुनी हॅचबॅक विकत नाही, गोकुळ शिरगावला मी ती नेईन आणि रात्री ती दारात असेल.

आता एकच अडचण उरली. तळ वर आल्यामुळं ब्रेक लागला की खुर्ची सरकून मागच्या सीटला आपटते. तिथंच मुलगी बसते. खुर्ची घट्ट बांधायला काय करता येईल?

राधानगरीकर

खाली रबराची जाड चटई टाका, खरखरीत बाजू वर. अर्धं काम तिथंच होईल. हवेची जाळी तेवढी झाकू नका.

उद्यमनगरी

चटईनं भागणार नाही, घाटात सुटेल. डिकीत सामान बांधायच्या कड्या असतात, त्यात अडकवायला रॅचेटचा पट्टा लागेल. बाजारात मिळतो तो ट्रकच्या मापाचा, लांब आणि जड. मी दीड इंची पट्टा कापून, दोन्ही टोकांना हुक शिवून देतो. एका हातानं सुटेल असा करतो, वहिनी एकट्या असल्या तरी खुर्ची काढता आली पाहिजे. तळाला भोक पाडून काही बसवू नका कुणाचं ऐकून, खाली बॅटरी आहे.

गाडी कधी मिळतीय?

मंगळवारपेठकर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हणालेत.

उद्यमनगरी

मग दसऱ्याला सकाळी दुकान उघडं आहे, हत्यारांची पूजा असते. अकराच्या आत या. आबांना आणा, आणि खुर्ची आणायला विसरू नका, माप त्याशिवाय येणार नाही.